अनुले मी आणतो

१

त्या दिवशी मी मेथी निवडून ठेवली होती आणि कणीक मळायला घेतली होती. नोव्हेंबरातली संध्याकाळ. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत दुकानांचे दिवे लागायला सुरुवात झाली होती आणि खाली कोणीतरी स्कूटर काढण्यासाठी दुसऱ्याच्या स्कूटरला शिव्या देत होतं. ओट्यावरचा फोन वाजला. 'घर' नावाचा आमचा तिघांचा ग्रुप आहे. त्यात माझ्या नवऱ्याचा, प्रफुल्लचा मेसेज होता: "अनुले मी आणतो. तू येऊ नको."

अनु म्हणजे अनुश्री, आमची मुलगी. अकरावीत आहे, या हिंदी मुलखात वाढली म्हणून हिंदीतच बोलते. शंकर नगरला तिचा क्लास असतो आणि सुटल्यावर दोघांपैकी एकजण तिला आणायला जातो.

आमच्याकडे अशा मेसेजला अंगठा दाखवून चालत नाही. आलेला निरोप आपल्या शब्दांत परत म्हणायचा: अनुला तू आणतोस, मी येत नाही. मग तो 'बरोबर' लिहिणार, आणि मगच ते ठरलं. माझे हात कणकेचे होते. म्हटलं, गोळा झाला की लिहिते.

गोळा व्हायच्या आधी दिवाकरभैयांचा फोन आला. ते आणि प्रफुल्ल रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात शेजारीशेजारी बसत.

"वहिनी, प्रफुल्लभाऊले दवाखान्यात आणलं आहे. तुम्ही या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "सावकाश या."

त्या 'सावकाश'वरून मला कळलं.

सुट्टीचा दिवस होता म्हणून तो दुपारी गुढ़ियारीला तांदूळ बघायला गेला होता. तिथूनच परस्पर अनुला आणायला निघाला असावा. वाटेतला एक दुकानदार नंतर सांगत होता, "भैया ने पहले गाड़ी साइड में लगाई, स्टँड पे खड़ी की, चाबी निकाली, फिर सीढ़ी पे बैठे." बसला तो उठलाच नाही. चावी मुठीत होती.

अनु क्लासच्या गेटवर उभी होती. दिवाकरभैया तिला घ्यायला गेले. तिनं त्यांच्या अंगाखांद्यावर लहानपण काढलेलं, पण ती त्यांच्या गाडीवर बसेना. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते तेव्हा त्यांचा फोन आला.

"वहिनी, पोट्टी बसून नाही राहिली. म्हणते, मम्मी ने रिपीट नहीं किया."

मी म्हटलं, "स्पीकर लावा." मग म्हटलं, "अनुला तुम्ही आणता. दवाखान्यात."

"अनुले मी आणतो. दवाखान्यात." ते म्हणाले.

"बरोबर," मी म्हटलं. आमच्या घरात तो शब्द तोवर फक्त प्रफुल्ल म्हणत आला होता.

२

ही पद्धत त्यानं नोकरीवरून घरी आणली होती. कंट्रोलमध्ये समोरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचा आवाज असतो. दूरच्या स्टेशनावर बसलेल्या माणसाला काही सांगितलं, तर ते त्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय सांगितलं गेलं असं धरत नाहीत. तोवर लाइन सोडायची नाही.

दहावीनंतर अनुला फोन घेऊन दिला, तेव्हा तिच्या मैत्रिणींच्या घरी वेगवेगळे प्रकार चालू होते. कोणी मुलीच्या फोनमध्ये लपून बघायचं ॲप टाकलं होतं, कोणी ती आंघोळीला गेली की मेसेज चाळत होतं. मीही एकदा विषय काढला.

"चोरून पाह्यचं नाही," प्रफुल्ल म्हणाला. "आपण चोरून पाहिलं का पोट्टी चोरून लिहायले शिकते."

मग त्यानं हजेरी सुरू केली. रात्रीचं जेवण आमच्याकडे लवकर होतं, टीव्हीवर बातम्या लागायच्या आत. ताटं वाढली की तिघांचे फोन टेबलावर यायचे. प्रफुल्ल अनुचा फोन मोठ्यानं वाचणार, अनु माझा, मी त्याचा. गाळायचं नाही. ज्याला दुसऱ्याचं वाचायचं आहे त्यानं आपलं वाचू द्यायचं, एवढाच नियम.

अनु पहिले दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी हसून हसून तिला ठसका लागला. तिची मैत्रीण पिंकी लिहायची, 'यार केमिस्ट्री ने मार डाला', आणि प्रफुल्ल ते असं वाचायचा की जणू दुर्ग पॅसेंजर फलाट बदलून येते आहे.

"पापा, प्लीज! पिंकी ऐसे नहीं बोलती. आप तो अनाउंसमेंट कर रहे हो."

"काहून? मेली का नाही ती केमिस्ट्रीत? मग प्रवाशांना कळू दे."

त्याच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये सकाळी सकाळी गुलाबांचे ढीग यायचे. मी विचारलं, "किती गुलाब रे तुझ्या कंट्रोलमध्ये?"

"काय करतं. गाड्या लेट हायत, गुलाब टाइमवर हायत."

आम्ही दोघं नागपूरला एकाच कॉलेजात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही.

त्याची एक सवय होती. आपण वाचत असलो की तो जेवता जेवता शेवटचे शब्द पुटपुटायचा. 'कल आठ बजे मिलते हैं' असं वाचलं, तर तोंडातल्या तोंडात 'आठ बजे' व्हायचं. आणि कोणी वाचताना थांबलं, तर पुढचं यायची वाट बघत तो वाटीच्या काठावर चमचा हलकेच वाजवायचा. मी ओरडायचे. तो म्हणायचा, "लाइन चालू हाय ना अजून."

अनुला आणण्याचा नियम त्यानं एकदाच सांगितला, पण तिच्याकडून तीनदा परत म्हणवून घेतला. पापाच्या नावानं, मम्मीच्या नावानं कोणीही बोलावलं, कोणाच्याही नंबरवरून मेसेज आला, तरी आम्हा दोघांपैकी एकानं सांगितलं आणि दुसऱ्यानं परत म्हटलं, तरच गाडीवर बसायचं.

"कोई भी मतलब? दिवाकर चाचा भी?"

"हव. दिवाकरचाचा पण."

"और आप खुद आ गए तो?"

"मी आलो तरी," तो म्हणाला. "मम्मीनं परत म्हटलं का, ते पाह्य आधी."

३

तो गेल्यावर हजेरी बंद पडली. आमचे दोन फोन चार्जरला लटकलेले असत आणि आम्ही समोरासमोर बसून जेवत असू. त्याची स्कूटर दिवाकरभैयांनी आणून जिन्याखाली लावली, वर ताडपत्री घातली. 'घर' ग्रुपमध्ये त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. मी अनुला वेगळा मेसेज करायचे, ती मला.

जानेवारीत एका संध्याकाळी अनुनं आपला फोन माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला.

"पढ़ो."

"राहू दे ग."

"पापा रहते तो छोड़ते क्या?"

मी वाचायला घेतलं. मला त्याच्यासारखं वाचता येत नाही, मी शाळेत गणित शिकवते आणि मेसेजसुद्धा गणित घातल्यासारखे वाचते, असं अनुचं म्हणणं. पण ती हसली. खूप दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं. पिंकीच्या मेसेजमध्ये पुढे एक ओळ होती: 'तेरी मम्मी को देखा आज, कितनी बूढ़ी लगने लगी।' ती मी गाळली. एवढं चालतं, असं स्वतःला म्हटलं आणि खालची ओळ वाचली.

अनु भाताचा घास घेत होती. खाली बघत, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बूढ़ी लगने लगी."

मी थांबले. ती पुढे जेवत होती.

"काय म्हणालीस?"

"मैं? कुछ नहीं."

फोन तिचा, मेसेज तिनं आधी वाचलेला, मी गाळला हे तिच्या लक्षात आलं आणि तोंडून निघालं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पुटपुटायची सवयही बापाचीच. मला तर बरंच वाटलं. मुलं कधी चालण्याची ढब उचलतात, कधी खोकण्याची. हिनं हे उचललं होतं.

पण त्यानंतर मी गाळून बघायला लागले. मुद्दाम नाही, आणि अगदीच नकळतही नाही. दर वेळी गाळलेले शब्द परत यायचे. तिच्याच आवाजात, जरा खालच्या सुरात, नजर ताटात. दर वेळी तिला विचारलं की ती गोंधळून माझ्याकडे बघायची.

एकदा फोन माझ्या हातात असताना पिंकीचा नवा मेसेज आला. मी तो पाहिला, पण वाचला नाही. अनु टेबलाच्या पलीकडे होती, पडदा माझ्याकडे होता, आणि माझ्यामागे भिंत आहे, तिच्यावर काही नाही.

"कल स्कर्ट मत पहनना," अनु पुटपुटली. "पीटी है."

मेसेज तोच होता. मैत्रिणी आहेत, उद्या पीटी आहे हे हिलाही ठाऊक असणार, असं मी मनाला समजावलं. मन ऐकत होतं, पण मान हलवत नव्हतं.

४

राजस हे नाव मी आधी वाचलं होतं. क्लासच्या शंका विचारायच्या ग्रुपमधला, एक वर्ष पुढचा मुलगा. भौतिकशास्त्राच्या नोट्स पाठवायचा. सगळ्या हिंदीत चाललेल्या त्या ग्रुपमध्ये मराठी नाव दिसलं म्हणून मलाही बरं वाटलं होतं. 'राजस भैया, थँक यू' असं अनुचं उत्तर असायचं.

त्या दिवशी त्याच्या नावाखाली नोट्स नव्हत्या. एक मेसेज पाठवणाऱ्यानंच खोडून टाकला होता आणि खोडल्याची खूण तेवढी राहिली होती. वाचण्यासारखं काहीच नव्हतं. मी खाली सरकले.

चमचा वाजला. वाटीच्या काठावर, हलकेच.

"तालाब वाले गेट पे," अनु म्हणाली. "अकेली आना. मम्मी को मत बताना."

या वेळी ते तिला स्वतःलाही ऐकू गेलं. तिचा हात घासासकट तिथंच राहिला. 

"आपने मेरे फोन में कुछ डाला है?"

"नाही."

"तो आपको कैसे पता?"

"मला कुठं पता? तूच बोललीस ना आत्ता."

"मैंने नहीं बोला, मम्मी." ती रडायला लागली. "मैंने नहीं बोला."

मग सगळं बाहेर आलं. राजसला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. वडील गेल्याचं त्याला माहीत होतं. त्याचेही गेले आहेत, असं त्यानं सांगितलं होतं, आणि ती त्याच्याशी ते बोलायची जे माझ्याशी बोलत नव्हती. शनिवारी त्यानं बूढ़ा तालाबच्या गेटवर बोलावलं होतं. मेसेज पाठवायचा, तिनं वाचला की खोडायचा, अशी त्याची रीत होती, आणि आपलं लिहिलेलं, मागे उरलेली खूण ती पुसायची.

मी तिच्यासमोरच, तिच्याच फोनवरून, स्पीकर लावून त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून माणसाचा आवाज आला. माझ्यापेक्षा वयानं मोठा असेल. मागं कुकरची शिट्टी झाली. "हाँ बेटा, बोलो," तो म्हणाला, आणि अनुनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं उमटली.

दुसऱ्या दिवशी दिवाकरभैयांना घेऊन मी पोलिसांत तक्रार दिली. पुढं जे व्हायचं ते हळूहळू होतं आहे.

अनु काही दिवस माझ्याजवळ झोपली. मी तिच्या केसांतून हात फिरवत स्वतःला सांगत होते, मुलीच्या मनावर ओझं होतं, त्यानं वाट काढली. असं होतं. पुस्तकांतही असतं. पण संध्याकाळी ताटं वाढताना मी प्रफुल्लची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती ती पुन्हा टेबलाशी ओढली, आणि त्याची वाटी-चमचा मांडला. अनुनं पाहिलं. तिनं त्या वाटीत दोन चमचे वरण घातलं.

"पतली दाल नहीं चलती उनको," ती म्हणाली. "नीचे से निकालो."

५

ते दिवस चांगले होते. हे लिहायला विचित्र वाटतं, पण होते. आम्ही दोघी जेवायला बसायचो, मी वाचायचे, काही गाळायचे नाही, अनु हसायची. कधी पुटपुटणं यायचं, कधी नाही. घरात कोणीतरी लक्ष ठेवून आहे, असं वाटून मला नीट झोप यायला लागली.

एकच गोष्ट खटकायची. सगळे मेसेज वाचून झाले, फोन पालथे ठेवले, की चमचा वाजायचा. एकदा, मग थोड्या वेळानं परत. अजून काही वाचायचं राहिलं आहे असा.

"अनु, बस कर ग."

"मैं नहीं कर रही."

"मग कोण करून राहिलं?"

ती हसून म्हणायची, "लाइन चालू है."

मग माझा फोन वाचायची तिची पाळी होती तो दिवस. शाळेच्या ग्रुपमधल्या सूचना, गॅसवाल्याचा निरोप, माझ्या बहिणीनं नागपूरहून पाठवलेले नातवाचे फोटो. अनुनं सगळं वाचलं. फोन तिनं दोन्ही हातांत धरला होता.

चमचा वाजला.

मी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही फोनवर होते. माझा चमचा डाळीच्या पातेल्यात होता. तिसऱ्या वाटीतलं वरण हलत होतं, तळ्यात खडा टाकल्यावर पाणी हलतं तेवढंच.

अनुनंही तिकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. बाप काय म्हणतो आहे ते समजून घेणाऱ्या मुलीचा चेहरा होता. तिनं अंगठ्यानं पडदा वर सरकवला, खूप खाली गेलेला 'घर' ग्रुप काढला आणि वाचलं:

"अनुले मी आणतो. तू येऊ नको."

ते तिनं मराठीत वाचलं, त्याच्यासारखं, 'आणतो'वर जोर देऊन. ती मराठी सहसा बोलत नाही. मग ती थांबली. चमचा थांबला. खाली गल्लीत स्कूटर चालू होती, तीही बंद झाली. इतकं स्वच्छ थांबणं मी फक्त फोनवर ऐकलं आहे, समोरच्यानं आपलं सांगून झाल्यावर तो आपल्या उत्तरासाठी थांबतो तेव्हा.

सवय वाईट असते. वीस वर्षांत त्यानं सांगितलेलं मी परत म्हटलं नाही, असं झालं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं:

"अनुला तू आणतोस..."

आणि मी जीभ चावली.

'बरोबर' आलं नाही. खोली तशीच थांबून राहिली.

"आगे का भी बोलो ना, मम्मी," अनु हळूच म्हणाली. तिला जेवणाची घाई असावी तसं.

"जेव आता," मी म्हटलं आणि तिच्या हातातून फोन घेतला.

६

दुसऱ्या दिवशी शाळेत मीटिंग लांबली. मोपेडवरून शंकर नगरला पोचले तेव्हा क्लास सुटला होता. गेटसमोर मुलांचा गलका होता, मोमोजच्या गाडीवर वाफ होती, आयाबाप आपापल्या गाड्या घुसवत होते. मी रस्त्याच्या अलीकडे थांबले आणि अनुला शोधायला लागले.

ती गेटजवळ नव्हती. जरा पुढं, जिथं प्रफुल्ल गर्दी टाळून गाडी लावायचा, तिथं फुटपाथच्या कडेला उभी होती. दप्तर दोन्ही खांद्यांवर घेतलेलं. गाडीवर बसताना ती तसं घेते. ती कोणाशी तरी बोलत होती. समोर कोणी नव्हतं. तिची नजर जरा खाली होती, स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे असते तेवढीच.

तिनं काही विचारलं. ऐकलं. मान हलवली. मग हसली. बापाच्या गाडीवर बसतानाचं ते हसू मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तिनं केस मागं घेतले, डावा पाय उचलला आणि टेकवला.

पाय जमिनीवर टेकवला नव्हता. वीतभर वर होता, आणि तिचा भार त्या पायावर होता.

एक व्हॅन मध्ये आली. ती सरकेपर्यंत मी काय काय विचार केला ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मला खूप मोठ्यानं ओरडता आलं.

"अनु! मी आली! मी आली इथं!"

व्हॅन गेली. अनु फुटपाथवर दोन्ही पायांवर उभी होती आणि रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघत होती. लोक बघत होते. ती रस्ता ओलांडून आली.

"आप क्यों आईं? आज तो..." ती थांबली. मागं वळून पाहिलं. मोमोजच्या गाडीची वाफ तेवढी त्या बाजूला जात होती.

मी तिला मागं बसवलं. तिचे हात माझ्या पोटाभोवती ओढून घेतले. शंकर नगरचा सिग्नल गेला, बाजार गेला. मग माझ्या हेल्मेटच्या आडून ती म्हणाली:

"मैंने पूछा था. मम्मी ने रिपीट किया क्या."

"कोणाला विचारलंस?"

"बोले, आधा किया है."

मी गाडी हळू केली. "मग?"

"मैंने कहा, फिर पूरा होने दो." तिनं डोकं माझ्या पाठीला टेकवलं. "नाराज नहीं हुए. बोले, शाब्बास."

 माझी पाठ ओली होत होती. ती रडत होती, आणि मला वाटतं, दुःखानं नाही.

घरी आल्यावर तिला वर पाठवलं आणि जिन्याखाली गेले. ताडपत्री होती तशी होती, दोरी बांधलेली. मी ती सोडून बघितलं. मागच्या माणसानं पाय ठेवायचं पायदान उघडं होतं. गाडी लावली की ते मिटवायचं, यावर प्रफुल्लचा कटाक्ष होता. येणाऱ्याजाणाऱ्याला लागतं म्हणून. पण गाडी त्या दिवशी त्यानं इथं लावली नव्हती. दिवाकरभैयांनी आणली, त्यांना हे कुठून माहीत असणार. मी पायानं ते मिटवलं, ताडपत्री घातली, दोरी बांधली आणि वर येऊन कणीक मळायला घेतली.

७

हजेरी आम्ही बंद केलेली नाही. बंद करावी असं मला वाटतं, आणि मग त्या माणसाचा 'हाँ बेटा' आठवतो, त्यामागची कुकरची शिट्टी आठवते. अशा माणसांना मी वाचून ओळखू शकले नव्हते. ज्यानं ओळखलं त्याची वाटी मी टेबलावरून कशी उचलू?

प्रफुल्लनं माझं किंवा अनुचं कधी वाईट चिंतलं नाही. आजही चिंतत नसणार. सांगितलेलं काम राहिलं आहे, ते पुरं करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात असेल. त्याला तिला कुठं न्यायचं नाही, घरी आणायचं आहे. फक्त त्याचं घर आता कुठलं, हे मला ठाऊक नाही.

जेवण संपता संपता चमचा वाजतो. तो घाई करत नाही. अनु माझ्याकडे बघते, आग्रह करत नाही. कधी कधी तिच्या डोळ्यांत असं काही असतं की मला तोंड फिरवून पाणी आणायला उठावं लागतं.

रोज संध्याकाळी मी क्लास सुटायच्या आधी गेटवर जाऊन उभी राहते. मध्ये मला ताप होता, तेव्हा दिवाकरभैया घरी येऊन म्हणाले, "वहिनी, काहून जीव काढून राहिल्या? मी आणतो ना पोट्टीले." मी नको म्हटलं आणि स्वेटर घालून निघाले.

'घर' ग्रुपमध्ये अजूनही त्याचाच मेसेज शेवटचा आहे. अर्धा मी परत म्हणून बसले आहे. मी येत नाही, हे मी अजून म्हटलेलं नाही.